मुठीच्या कापसाची खोली

मी सेलूला उतरले तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि सुईणीच्या कोर्सचं सर्टिफिकेट एवढंच होतं. सर्टिफिकेट उर्दूत होतं. पोलीस ॲक्शनला चारेक वर्षं होऊन गेली होती आणि कचेऱ्यांतून उर्दू हळूहळू उतरायला लागली होती, पण माझं शिक्षण हैदराबादला त्याच भाषेत झालेलं. वडील परभणीच्या तहसील कचेरीत पेशकार होते. आमच्या घरी बोलायचं मराठीत आणि लिहायचं उर्दूत, असाच रिवाज होता.

माझं लग्न सोळाव्या वर्षी झालं. रझाकारांच्या दिवसांत आमच्याकडचे कितीतरी लोक सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेले, त्यात माझे यजमानही गेले. मला वडिलांकडे आणून सोडलं आणि म्हणाले, "महिनाभरात येतो." पुढं सगळे परत आले, ते आले नाहीत. दोन वर्षांनी एका नातेवाइकाकडून कळलं की त्यांनी तिकडेच दुकान घातलंय आणि दुसरा संसारही मांडलाय. वडिलांनी ते ऐकून घेतलं. आठ दिवसांत त्यांनी सुईणीच्या कोर्ससाठी माझी दर्खास्त लिहून हैदराबादला पाठवली. मी शिकत असतानाच ते गेले. मी शिकून परत आले तेव्हा घर भावाचं झालेलं होतं. भाऊ वाईट नव्हता, वहिनीही वाईट नव्हती. पण जेवायला बसलं की मला आपण पाहुण्या आहोत असं वाटायचं, आणि पाहुण्यानं किती दिवस राहायचं हेही मला कळेना. म्हणून सेलूच्या प्रसूतिगृहाला सुईण पाहिजे असं कानावर आलं, तशी मी निघाले.

स्टेशनावर मला घ्यायला प्रसूतिगृहाच्या समितीचे चिटणीस आले होते. साठीच्या घरातले, कापसाचे अडते, डोक्यावर काळी टोपी, बोलणं मोजकं. टांगा मोंढ्यावरून, म्हणजे कापसाच्या बाजारावरून गेला तेव्हा त्यांनी तो थांबवायला लावला. मोंढ्याच्या फाटकाशी बांबूच्या तट्ट्यांनी घेरलेली एक जागा होती आणि तिच्यात छातीइतका कापूस साठलेला होता.

"हा मुठीचा कापूस," ते म्हणाले. "मोंढ्यात शिरणाऱ्या प्रत्येक गाडीनं ह्यात मूठभर टाकायचा. तीन वर्षं टाकला, तेव्हा तुमचा दवाखाना उभा राहिला. सरकारचं काही नाही ह्यात."

मूठभर म्हणायचे, पण गाडीवाले दोन्ही हातांत मावेल तेवढा उचलून टाकत. मी बघत असतानाच तीन गाड्या आत गेल्या. एकानं टाकून झाल्यावर हात जोडले, देवळापुढं जोडतात तसे.

हे सगळं त्यांना कसं सुचलं ते मला पुढं प्रसूतिगृहातल्या आयाकडून कळलं. चिटणिसांची धाकटी सून अडली होती. तिला परभणीला न्यायला निघाले, पण गाडीची वेळ चुकली होती. ती सेलूच्या फलाटावरच गेली, मूल पोटात घेऊन. त्यानंतर ते वर्षभर पेढीवर बसले नाहीत. मग एक दिवस मोंढ्याच्या फाटकाशी स्वतः तट्ट्या ठोकत उभे राहिलेले लोकांनी पाहिले.

प्रसूतिगृह गावाच्या कडेला होतं. एका अंगाला व्यापाऱ्यांची गल्ली, दुसऱ्या अंगाला धनगरांची वस्ती. मधे आम्ही. पुढं पाच खाटांची मोठी खोली, मागं माझी राहायची लहान खोली, आणि उजव्या हाताला आणखी एक खोली, ती कुलूपबंद. त्या खोलीला शहाबादी फरशी होती, दोन खिडक्या होत्या, लोखंडी पलंगावर नवी गादी होती. जागा आणि ती खोली गावातल्या जिनिंगच्या मालकांनी, म्हणजे शेठजींनी दिली होती. देताना एकच शब्द घेतला होता, की ती खोली देणगीदारांच्या लेकी-सुनांसाठी राहील. दारावर संगमरवरी पाटी होती, पाटीवर शेठजींसकट दहा-बारा देणगीदारांची नावं होती. किल्ली माझ्या कमरेला असायची, पण शेठजींच्या इजाजतीशिवाय ती लावायची नाही, असं मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्यानं दिलं त्याचा मान, एवढंच मनात आलं.

माझ्या जेवणाची सोय समितीनं केली होती. रोज एकेका घरून डबा यायचा. डबा चांगला असायचा, सणावाराला पुरणपोळीही असायची. गडी तो उंबऱ्याशी ठेवून जायचा आणि मी दुपारी खोलीचं दार ओढून घेऊन जेवायची. महिनाभरात मला चवीवरून घर ओळखता यायला लागलं. हा तिखट कमी खाणाऱ्यांचा, हा आमटीत कोकम घालणाऱ्यांचा. त्या घरांत बायका कशा बोलतात, कोण कुणावर रुसतं, हे मात्र मला कधी कळलं नाही. त्या माझ्याकडे यायच्या त्या दिवस गेल्यावर. बोलायच्या त्या पोटातल्या मुलाबद्दल. मूल झालं की बारशाचं बोलावणं यायचं. मी जायची, पाळण्याजवळ उभी राहायची, कुणीतरी हातात घुगऱ्या द्यायचं, आणि मी परत यायची.

संक्रांतीला समोरच्या घरी हळदीकुंकू होतं. मला बोलावणं नव्हतं. वाईट वाटलं, पण त्या घरच्या बाईचीही अडचण मला कळत होती. माझा नवरा जिवंत होता, म्हणून मी कुंकू लावत होते. तो माझा राहिला नव्हता, म्हणून मला सवाष्ण म्हणायचं की नाही हे कुणालाच ठरवता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं.

धनगरांच्या वस्तीतून पहिल्या वर्षी एकही बाई आमच्याकडे आली नाही. त्यांची स्वतःची सुईण होती, सत्तरीची एक म्हातारी. आमच्या आवाराबाहेर एक मोठा दगड होता, त्याच्यावर ती दुपारची चातीवर लोकर कातत बसायची. मला वाटायचं, ही माझ्यावर पाळत ठेवतेय. कदाचित ठेवतही असेल. एके दुपारी मी उकळलेल्या पट्ट्या वाळत घालत होते, तेव्हा ती चातीवरची नजर न काढता म्हणाली,

"बाई, तुमी एकट्याच ऱ्हाता का?"

"हो."

"कुनीच न्हाई?"

"भाऊ आहे परभणीला."

"भाऊ तिथं. इथं?"

मी पुढची पट्टी दोरीवर टाकली. तिनं सूत चातीवर गुंडाळलं आणि म्हणाली, "आमचं मेंढरू बी एकटं ऱ्हात न्हाई, माय. वरडून वरडून मरतंय."

त्या गावात मला हे विचारणारी ती पहिली. मी आत गेले आणि बराच वेळ स्टोव्हला पिन करत बसले. स्टोव्ह चांगला चालत होता.

त्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं. तिनं आयुष्यात किती बाळंतपणं केली ह्याचा तिला हिशेब नव्हता. हात कसे धुवायचे यावरून आम्ही भांडायचो. ती म्हणायची, राखेनं धुतलेत की. मी म्हणायची, राख नाही, साबण आणि उकळलेलं पाणी. ती म्हणायची, उकळायला लाकडं कोण देतंय, आणि पाणी तरी कुठंय. त्यांच्या वस्तीला पाणी नव्हतं. बायका ओढ्यातल्या झिऱ्यावरून आणायच्या.

तुमच्या बायका इकडे का येत नाहीत, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "ते शेठ लोकांचं हाय. आमी कशाला यावं? भाईर बसवत्याल."

दुसऱ्या वर्षाच्या माघात, भर दुपारी, तीच म्हातारी तिच्या सुनेला घेऊन आली. चौघींनी मिळून घोंगड्याची झोळी करून तिला आणलं होतं. वस्तीतले पुरुष मेंढरं घेऊन लांब गेलेले. पोरीला कळा सुरू होऊन दीड दिवस झाला होता. मी तिथंच ओट्यावर तपासलं. मूल पायाळू होतं, आणि एक पाय खाली आलेला होता. परभणीला नेण्याइतका वेळ नव्हता. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर दौऱ्यावर जिंतूरला गेले होते.

"कालच का नाही आणलं?" मी विचारलं.

"मपल्या हातानं हुईल वाटलं," ती म्हणाली. "न्हाई झालं."

आता अडचण अशी होती की मोठ्या खोलीत त्या दिवशी दोन बाळंतिणी तापानं फणफणलेल्या होत्या. दोघी घरी बाळंत होऊन मग आमच्याकडे आलेल्या. असा बाळंतज्वर शेजारच्या ओल्या बाळंतिणीला लागला तर ती वाचत नाही, हे मी हैदराबादला डोळ्यांनी पाहिलं होतं. तिथं हिला ठेवणं म्हणजे मूल वाचवून आई घालवणं. माझ्या स्वतःच्या खोलीत खाट नव्हती, उजेड नव्हता. राहिली ती कुलपाची खोली.

मी आयाला मोंढ्यात चिटणिसांकडे पळवलं. पाणी उकळायला ठेवलं, कात्री टाकली, आणि वाट बघत उभी राहिले. पोरगी ओट्यावर घोंगड्यात कण्हत होती. आया परत आली ती एकटीच.

"काय म्हणाले?"

"म्हनले, शेठजींचा शब्द हाय. त्यांना विचारून सांगतो. शेठजी जिनात न्हाईत, जालन्याला गेलेत."

म्हातारीनं ते ऐकलं. ती माझ्यापुढं आली. मला वाटलं ती पाया पडेल, विनवणी करेल. तसं काही झालं नाही.

"बाई," ती म्हणाली, "आमची दीड एकर जमीन हाय. कापूस पिकतो. दर साली आमी भाड्याच्या गाडीनं मोंढ्यात आनतो, आन् फाटकाशी मूठ टाकतो. मपल्या सामने टाकलीय मपल्या ल्योकानं. ह्या भिंतीत आमचा बी कापूस हाय का न्हाई? तेवढं सांगा. न्हाई म्हना, मी नेते हिला माघारी."

मी नाही म्हणू शकले नाही. फार विचार केला असंही नाही. किल्ली कमरेलाच होती.

पुढच्या तासाभराबद्दल मी एवढंच सांगेन की म्हातारीनं माझ्या सांगण्यावरून कोपरापर्यंत साबणानं हात धुतले, तीनदा. मूल छातीपर्यंत आलं आणि डोकं अडलं, तेव्हा तिनं वरून पोटावर नेमक्या जागी नेमका दाब दिला. तो मी तिला शिकवलेला नव्हता. खालून मी, वरून ती. एकदाच आमची नजरानजर झाली. मुलगी झाली. आधी रडली नाही. मी तिला उलटं धरून पाठ चोळली, तेव्हा तिनं एक बारीक आवाज काढला, आणि म्हातारीनं तिला घ्यायला पदर पुढं केला. आईला रक्त बरंच गेलं, पण वार पूर्ण पडली आणि रक्त थांबलं. दहा दिवस मी तिला त्याच पलंगावर ठेवलं.

शेठजी चार दिवसांनी परतले. समितीची बैठक आमच्या आवारातच, लिंबाखाली सतरंजीवर झाली. मला बोलावलं. शेठजी चढ्या आवाजात बोलणारे नव्हते.

"बाई, तुम्ही दोन जीव वाचवलेत, ते पुण्याचं काम झालं," ते म्हणाले. "पण शब्द होता. आता आमच्या घरच्या बायका म्हणतात, त्या पलंगावर आम्ही कशा निजणार? माझ्या लेकीचे दिवस भरत आलेत. तिला आता जालन्याला पाठवावं लागणार. मी काय सांगू त्यांना?"

मी म्हातारीचं बोलणं त्यांना सांगितलं, तिनं सांगितलं तसंच. मी चिटणिसांकडे बघत होते. ज्या माणसाची सून फलाटावर गेली, तो तरी आता बोलेल असं मला वाटत होतं. ते सतरंजीचा दोरा बोटाला गुंडाळत राहिले. मला काढूनही टाकलं नाही आणि माझं चुकलं की नाही तेही कुणी सांगितलं नाही. चहा न घेता सगळे उठले. दहा दिवस भरून म्हातारीची सून घरी गेली, तसं खोलीला पुन्हा कुलूप लागलं आणि किल्ली शेठजींच्या मुनिमांनी नेली.

त्यानंतर डबे बंद झाले. एकदम नाही. सोमवारचा आधी बंद झाला, मग गुरुवारचा. पंधरा दिवसांनी उंबऱ्याशी काहीच येईना. मी बाजारातून शेगडी आणली, ज्वारी आणली. भाकरी करायला लहानपणी शिकले होते, पण सवय मोडली होती, कडा चिरायच्या. एकटीसाठी स्वयंपाक करणं मला तेव्हाच कळलं. एक भाकरी केली तर तवा तापवल्याचं सार्थक होत नाही, दोन केल्या तर दुसरी सकाळी शिळी खायची. व्यापाऱ्यांच्या गल्लीतून बायका यायच्या बंद झाल्या. रस्त्यात दिसल्या तर पदर सारखा करून पलीकडून जायच्या. कुणी मला वाईट बोललं असं मात्र मी म्हणणार नाही. बोलले असते तर उत्तर तरी देता आलं असतं.

धनगरांच्या वस्तीतून बायका यायला लागल्या त्या ह्याच दिवसांत. एक आली, मग तिची जाऊ आली. जिनात कापूस निवडणाऱ्या मजुरणी आल्या. मोठ्या खोलीच्या पाचही खाटा भरल्या. एकदा मी म्हातारीला सहज बोलले की थंडीत पांघरुणं कमी पडतात. महिन्याभरात वस्तीतले चार जण पाच नवी घोंगडी खांद्यावर टाकून आले. काळी, जाड, लोकरीचा वास येणारी. मी म्हटलं, ह्याचे पैसे समितीकडून मागते. त्यातला मोठा म्हणाला, "पैशे नगं. शेठ लोकानी फरशी दिली, आमी घोंगडं दिलं." कातरणीच्या वेळी प्रत्येक खांडामागं, म्हणजे कळपामागं, एका मेंढराची लोकर प्रसूतिगृहासाठी काढून ठेवायची, असं त्यांनी वस्तीत बसून ठरवलं होतं. त्यांना कुणी मागितली नव्हती.

पुढच्या हंगामात मोंढ्यात काय झालं ते मी पाहिलं नाही, मला चिटणिसांनी सांगितलं. कार्तिकात एका सकाळी ते माझ्याकडे आले. त्या बैठकीनंतर पहिल्यांदाच आले होते. उभे राहूनच बोलले.

"बाई, यंदा फाटकावर माणसं विचारायलीत."

"काय विचारतात?"

"ती खोली उघडली का, म्हणतात. काहीजण मूठ न टाकताच आत जायलेत. जिंतूरकडच्या गाड्यासुद्धा. तिकडं कसं कळलं कुणास ठाऊक."

मला ठाऊक होतं. मेंढरं घेऊन माणसं गावोगाव जातात, शेतात बसवतात, आणि शेतकऱ्याशी बोलायला त्यांना भरपूर वेळ असतो.

चिटणीस जायला निघाले, दारात थांबले. मग म्हणाले, "त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "हो, पाहिजे होतं." त्यांनी मान हलवली. ह्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

दोन दिवसांनी शेठजी स्वतः आले. मुनिमांकडून किल्ली घेऊन त्यांनी कुलूप काढलं, आणि कुलूप आणि किल्ली दोन्ही माझ्या टेबलावर ठेवली. खोलीभर फिरले, खिडकी उघडून बघितली.

"उजेड चांगला येतो," ते म्हणाले.

"म्हणूनच त्या दिवशी घेतली," मी म्हटलं.

"माझी लेक तिकडं जालन्यात बाळंत झाली. सुखरूप झाली. पण तिची आई म्हणत होती, आपल्या गावात आपण बांधलेलं असताना पोरीला परक्या गावी पाठवलं." जाताना दारातल्या पाटीकडे त्यांनी बघितलं. "ही राहू द्या. पुसायची काही गरज नाही." मला हसू आलं, आणि तेही थोडे हसले. मन वळलं म्हणून आले की फाटकावरच्या तट्ट्या रिकाम्या राहायला लागल्या म्हणून, हे मी तपासत बसले नाही. दोन्ही असेल.

त्यानंतरची तीन-चार वर्षं गावाला चांगली गेली. समितीवर धनगरांच्या वस्तीतला एक माणूस घेतला आणि जिनातल्या मजुरणींपैकी एक बाई घेतली. बैठकीत ती बाई पहिल्यांदा बोलली ती बाळंतविड्यावर. ती म्हणाली, आमच्या बाया पाचव्या दिवशी जिनात उभ्या ऱ्हातात, कारन घरात खायला नसतं. शेठांच्या सुना सव्वा महिना उठत नाहीत. तेवढं न्हाई, पर धा-पंधरा दिवस तरी. मग मुठीच्या कापसातूनच प्रत्येक बाळंतिणीला डिंक, खोबरं, गूळ आणि ज्वारीचं पीठ द्यायचं ठरलं, ती कुठल्या का घरची असेना. व्यापाऱ्यांच्या सुनांनाही तीच पिशवी. एका शेठाणीनं ती परत पाठवली, तर तिची सासूच येऊन घेऊन गेली.

दुसरी गोष्ट विहिरीची. उकळायला पाणी कुठंय, हे म्हातारीचं बोलणं माझ्या डोक्यात होतं. मी ते समितीपुढं मांडलं. एका हंगामाचा कापूस विहिरीला गेला. वस्तीतल्या माणसांनी अंगमेहनत केली, शेठजींनी सुरुंगवाला आणला. पाणी लागलं ते गोडं लागलं. उन्हाळ्यात व्यापाऱ्यांच्या गल्लीतले आड आटले की तिकडचे गडी घागरी घेऊन धनगरांच्या विहिरीवर यायचे, आणि वस्तीतल्या बाया त्यांना रांगेत उभं करायच्या. म्हातारी दगडावरून हे बघायची आणि मला सांगायची, "आज कोन कोन आलं बगा."

हे सगळं घडत होतं आणि त्याचं मला समाधान होतं. ते खोटं नाही. पण दुपारी दार ओढून घेऊन मी एकटीच जेवायची, हेही खरं. डबे पुन्हा सुरू करतो म्हणाले होते. मीच नको म्हटलं.

विहिरीला पाणी लागलं त्याच्या पुढच्या वर्षी म्हातारी मेंढरांबरोबर जायला निघाली. सून पुन्हा गरोदर होती, पहिली पोर लहान, आणि मुलाला वाटेवर भाकरी करून घालायला कुणी नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, ह्या वयात कशाला?" ती म्हणाली, "पाय हायेत तवर चालायचं. जेठात येते. तुमी सुनंकडं बगा." मी सुनेकडे बघितलं. तिला मुलगा झाला, सरळ झाला, काही अडचण आली नाही. हे म्हातारीला सांगायचं म्हणून मी दिवस मोजत होते.

जेठात खांड परत आलं, त्यात ती नव्हती. येलदरीच्या बाजूला पूर्णेच्या काठी मुक्काम होता, तिथं तिला दोन दिवस ताप आला. तिथंच नदीकाठी तिचं सगळं केलं. ह्याला तीन आठवडे होऊन गेले होते. वस्तीतल्या बायका तिच्या दारात रडत बसल्या होत्या. मी गेले. त्यांनी मला बसायला पाट दिला, कारण मी बाई होते, दवाखान्याची बाई. त्या सगळ्या जमिनीवर एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या आणि मी पाटावर बसले होते. मी तिची कुणी नव्हते. सुतक नाही, दिवस नाहीत. थोड्या वेळानं उठून मी दवाखान्यात आले, कारण एक बाई कळा घेऊन आली होती.

चातीवर लोकर कातणारी दुसरी कुणी त्या दगडावर येऊन बसली नाही. पोरं त्याच्यावर चढून उड्या मारायची.

ह्याच काही वर्षांत आमचा मुलूख आधी मुंबईकडे गेला आणि मग महाराष्ट्र झाला. प्रसूतिगृह सरकारनं आपल्याकडे घेतलं. समिती राहिली, पण आता ती विहिरीचं आणि बाळंतविड्याचं तेवढं बघायची. मी सरकारी नोकर झाले आणि वर्षाच्या आत माझी जिंतूरला बदली झाली. चिटणीस तेव्हा थकले होते, घराबाहेर पडत नव्हते. मी भेटायला गेले तर म्हणाले, "तुम्ही होता म्हणून झालं." मी म्हटलं, "कापूस होता म्हणून." त्यांच्या थोरल्या सुनेनं मला हळदीकुंकू लावलं. इतक्या वर्षांत सेलूत मला कुणी लावलेलं ते पहिलंच. मी काही न बोलता लावून घेतलं.

माझ्या जागी आलेली नर्स तरणी होती. नवरा, सासू, कडेवर मूल, असा सगळा संसार घेऊन ती आली. तासाभरात माझ्या खोलीत भांडी, पाळणा, उतरंड, वाळत घातलेली लंगोटी, सगळं मांडून झालं. तिची सासू चुलीशी बसून सुनेला काहीतरी ओरडत होती. त्या खोलीत एवढी माणसं मावतात हे मला ठाऊक नव्हतं. माझी बस दुपारी होती. आत बसायला जागा नव्हती, म्हणून मी ट्रंक घेऊन मोठ्या खोलीच्या पायरीवर येऊन बसले.

सकाळीच कुठल्याशा खेड्यातून एक बाई दाखल झाली होती, पहिलटकरीण. आयानं तिला फेऱ्या मारायला सांगितलं होतं. ती मला ओळखत नव्हती. तिसऱ्या फेरीला ती माझ्यापाशी थांबली.

"कुनाची वाट बगायलाव?"

"बसची," मी म्हटलं.

तिला कळ आली. तिनं माझ्या खांद्याला धरलं, जोरात, कळ ओसरेपर्यंत. मग हात काढून ती पुढं चालायला लागली. बस आली तेव्हा ती आवाराच्या पलीकडच्या टोकाला होती.